दाराबाहेरची खुंटी

"बाबा, साग्यनआजोबांच्या हातात खरंच चाबूक होता का?"

आयदायनं हा प्रश्न विचारावा अशी तिच्या मैत्रिणींची पैज होती. "वर्गात एवढी चुरुचुरु बोलतेस ना, मग बापाला विचारून दाखव की!" कुंपणाच्या भिंतीवर चढून बसलेली नाझिक म्हणाली होती. आणि आयदायनं भर अंगणात, न्यायाधीश आणि पोलिसांच्या देखत, तो विचारलाच.

मित्रांनो, तो चाबूक म्हणजे मी. मी एक जुना चाबूक आहे, बर्फाच्या डोंगराखालच्या किरगिझ खेड्यातला. माणसाच्या अंगावर मी आयुष्यात कधी पडलो नाही. तरीही एका खुनाच्या खटल्यात माझं नाव रोज घेतलं जातं.

माझी मूठ तांबड्या लाकडाची आहे. हाताचा घाम पिऊन ती दरवर्षी आणखी तांबडी होते. साग्यनच्या वडिलांनी ती तासली, बैलाच्या कातड्याच्या वाद्या भिजवून माझी वेणी घातली आणि पोरगा पहिल्यांदा एकटा घोड्यावर बसला त्या दिवशी मला त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "घोड्याला नुसता दाखव, मारू नकोस. आणि कुणाच्या दारात गेलास, की आधी हा हातातून सोड."

आमच्याकडे चाबूक घेऊन कुणी दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. शिरलाच, तर तो भांडायला आलाय असं समजायचं. म्हणून दाराबाहेर एक खुंटी असते. पाहुणा आला की घरातलं पोर पुढे होतं, लगाम धरतं, त्याच्या हातातला चाबूक घेतं आणि खुंटीला अडकवतं. मगच चहा, मगच गप्पा.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात वरच्या कुरणात घोड्यांचे कळप, हिवाळ्यात लांडग्यांचे माग. एकदा घोडेस्वारांच्या खेळात साग्यनला दोन्ही हात मोकळे हवे होते, तेव्हा त्यानं मला दातांत धरलं आणि तसाच जिंकून आला. अख्खं गाव ओरडत होतं. त्याच्या दातांच्या खुणा अजून माझ्या मुठीवर आहेत. संध्याकाळी तो मेंढीची चरबी बोटावर घेऊन माझ्या वाद्यांना चोळायचा. माझं कातडं कधी तडकलं नाही.

मग सरकारी शेतं गावकऱ्यांत वाटली गेली. साग्यनची जमीन आणि शेजारच्या कुबातची जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पाट होता. तीच हद्द ठरली. पण एका वसंतात बर्फ भसाभस वितळलं, पूर आला आणि पाट सरकला. साग्यनच्या गवताची एक लांब पट्टी पलीकडे गेली.

"हद्द म्हणजे पाट," कुबात म्हणाला.

"तुझी जमीन पाण्याबरोबर चालते काय रे? उद्या वाहत माझ्या चुलीपाशी येशील!"

"मग जा आणि पाण्याला समजावून सांगा!"

सुरुवातीला गाव हसलं. मग कुणीतरी कुबातची गवताची गंजी पेटवली. मग साग्यनचा कुत्रा विष खाऊन मेला. कुणी केलं ते कधीच कळलं नाही आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. दुकानात लोक कुजबुजू लागले, "म्हातारा म्हणतोय, कुबातला त्याच्याच अंगणात झोडपतो." साग्यन असं काही बोलला नव्हता. मी सतत त्याच्या मनगटाला असायचो, मला माहीत आहे. पण कुबातनं ते ऐकलं आणि शिकारीची बंदूक भिंतीवरून काढून गोठ्यात नेऊन ठेवली.

मग एके दिवशी कुबातकडे जाताना साग्यननं घोडा मुद्दाम हळू चालवला. भरधाव येणारा घोडा आमच्याकडे वाईट बातमी आणतो. अंगणात कुबातची मुलगी आयदाय पुढे आली आणि तिनं लगाम धरला.

"काय गं पोरी, बाप घरात आहे, का माझं गवत कापतोय?"

"घरातच आहेत, आजोबा. आधी चहा घ्या, मग काय भांडायचं ते भांडा!"

म्हातारा खळखळून हसला आणि त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं मला खुंटीला अडकवलं आणि घोडा बांधायला ती घरामागे गेली. मी खुंटीवरून अंगण बघत होतो. मित्रांनो, त्या वेळी वारासुद्धा पडला होता.

गोठ्यातून कुबात बाहेर आला. बंदूक खांद्याला लावलेली, तोंड पांढरंफटक.

"तिथंच थांबा! पुढं येऊ नका!"

"अरे वेड्या, मी तर..." साग्यननं कोटाच्या आत हात घातला.

आवाज झाला. घरामागे घोडा किंचाळला. साग्यन पडला आणि त्याच्या कोटातून फडक्यात बांधलेला नान घरंगळत बाहेर आला. साग्यन ही भाकर कुबातबरोबर मोडून तंटा मिटवायला आला होता.

कुबातनं बंदूक खाली केली. त्याला खरोखर वाटलं होतं की कोटातून हत्यार निघणार. भीती खरी होती, हे मी कुणापुढेही सांगेन. पण मग त्यानं खुंटीकडे पाहिलं. माझ्याकडे. त्यानं मला काढलं आणि मेलेल्या बोटांत खुपसलं. तेवढ्यात त्याची बायको गुलसून धावत आली. जमिनीवर पडलेली भाकर आमच्याकडे तशीच राहू देत नाहीत. तिनं नान उचलला, कपाळाला लावला आणि आत नेला. तो नान पुन्हा कुणाला दिसला नाही, कोर्टातही नाही.

आयदाय आली तेव्हा खुंटी रिकामी होती. तिनं खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

कुबातनं कोर्टात सांगितलं, "म्हातारा चाबूक उगारून आला, मग त्यानं कोटात हात घातला. मी माझा जीव वाचवला." गावानं ते ऐकलं. आता साग्यनची ओळख एवढीच उरली, दुसऱ्याच्या दारात चाबूक घेऊन घुसलेला म्हातारा. त्याच्या मुलांनी चार माणसांत जाणं सोडलं. आणि मी? पिशवीत घालून, मोहोर लावून मला कपाटात कोंडलं. चरबी नाही, हात नाही. माझ्या वाद्या तडकायला लागल्या.

आज पिशवी उघडली ती याच अंगणात. ते सगळं कसं घडलं ते कुबातनं जागेवर करून दाखवायचं होतं. तुरुंगात गेल्यापासून तो पहिल्यांदाच घरी आला होता. एका तरुण पोलिसाला साग्यन बनवलं आणि मला त्याच्या हातात दिलं.

"नीट उगार की रे!" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं.

"आजोबा असा चाबूक धरायचे? माशा हाकलतोय हा!" नाझिक म्हणाली. न्यायाधीशांनी दटावलं.

कुबातनं सगळं करून दाखवलं. बरोबर शब्द, बरोबर पावलं. मग गुलसून म्हणाली, "चहा तयार आहे, दारात आलेल्यांनी तसंच जाऊ नये." सगळे दाराकडे निघाले. तो तरुण पोलीसही निघाला आणि आत पाऊल टाकण्याआधी, न बघता, त्यानं मला खुंटीला अडकवलं.

सरकारी वकीलबाई थबकल्या. पोलिसाचे कान लाल झाले. "सवय आहे, मॅडम... आम्ही असंच..."

"सवय म्हणजे पुरावा नव्हे," कुबातचा वकील घाईघाईनं म्हणाला.

तेव्हा आयदायनं तो प्रश्न विचारला. पैजेसाठी भिंतीवरून उतरलेली पोरगी बापासमोर पोचेपर्यंत पैज विसरली होती.

कुबातनं मान वर केली नाही. "आत जा."

"घरच्यांना साक्षीची सक्ती नाही," गुलसून तिचा दंड धरून पुटपुटली. "वकीलसाहेबांनी सांगितलंय. तू गप्प राहिलीस तर बाप घरी येईल. कळतंय का तुला?"

"मी घाबरलो होतो गं," कुबात म्हणाला.

"मग तेच सांगा ना, बाबा! घाबरलात ते खरं आहे. चाबूक खोटा आहे."

मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या वस्तू असतील. त्यांना तेल लावा, चरबी लावा, कोपऱ्यात वाळत टाकू नका. पण त्याहून एक विनंती आहे. आमच्या तोंडी कुणी खोटं घातलं तर आम्हाला ते थुंकता येत नाही. ज्यानं आम्हाला हातात धरलंय, त्यानंच बोलावं लागतं.

आयदायनं आईचा हात सोडवला. खुंटीपाशी येऊन तिनं माझ्या मुठीवर बोटं ठेवली, दातांच्या खुणा होत्या तिथंच.

"आई, बाबा, मी कोर्टात सांगणार आहे. आजोबांनी चाबूक माझ्या हातात दिला होता. इथं मीच तो टांगला होता."