भिंतीमागचं पाणी

मी एक जुनं भुयारी स्टेशन आहे, आणि मित्रांनो, मला घटकाभरही चैन पडत नाही. दर चार मिनिटांनी गाडी येते, शे-दोनशे माणसं उतरवते, तितकीच उचलते आणि धडधडत निघून जाते. पण मला धास्ती गाड्यांची नाही, पाण्याची आहे.

भररस्त्यात उकरून चार मजले खोल खड्डा केला, त्यात माझ्या भिंती उभ्या राहिल्या, वर छत चढलं आणि मग रस्ता पुन्हा अंथरला गेला. तीन वर्षं शेजारचे दुकानदार माझ्या नावाने बोटं मोडत होते. वरच्या मातीचा भार दोन्ही बाजूंना वाटला जावा म्हणून माझं छत कमानदार आहे, आणि इथे ऊन येत नाही म्हणून भिंतींना पांढऱ्या टाइल्स आहेत. माझा आराखडा काढणाऱ्या इंजिनीअरबाईंनी भिंतींच्या तळाशी चाळीस बारीक भोकं ठेवली. जमिनीतलं पाणी त्यांतून गटारात झिरपायचं आणि पंप ते वर फेकायचा. "मिस्त्री, एक जरी भोक लिंपलंत तर गाठ माझ्याशी आहे," असं त्या गवंड्याला बजावत.

उद्घाटनाला माझं केवढं कौतुक झालं! त्या भोकांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे झाडणाऱ्या मावशी आल्या. त्या रोज सकाळी सायकलच्या चाकातली तार घालून प्रत्येक भोक मोकळं करत. मला गुदगुल्या व्हायच्या, पण बरं वाटायचं.

मग माझं नूतनीकरण निघालं. नव्या सुपरवायझरला भोकांखालचे ओघळ खुपले.

"साहेब, ती बुजवू नका. त्यातून पाणी येतं," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, म्हणूनच तर बुजवतोय!"

झालं! चाळीसही भोकं सिमेंटने बंद झाली आणि त्यावर चकचकीत टाइल्स बसल्या. लोक फोटो काढू लागले. इकडे माझ्या पाठीशी पाणी साचत होतं, भिंतीला रेटा देत होतं. मला ओरडावंसं वाटे, पण माझ्याकडे आवाज आहे तो फक्त गाडीचा!

मावशींनी एकदा झाडूचा दांडा भिंतीवर आपटला. आवाज बद्द आला, म्हणजे मागे पाणी तुंबलं होतं. सुपरवायझर ऐकेना, तेव्हा त्यांनी तिथला बाक ओढून लांब नेला आणि ओल्या फरशीची पिवळी पाटी मांडली.

"फरशी कोरडी ठणठणीत आहे. पाटी कशाला?" तो खेकसला.

"होईल ओली," मावशी म्हणाल्या, आणि पाटी काही हलवली नाही.

आठव्या दिवशी, ऐन गर्दीत, पुरुषभर उंचीचा टाइल्सचा थर कोसळला. कोसळला तो बाकाच्या रिकाम्या जागेवर. कुणाला खरचटलंही नाही, पण माझा जीव भांड्यात पडायला बराच वेळ लागला. सुपरवायझर धावत आला.

"मावशी, भोकं कुठे कुठे होती?"

मावशींनी एकेक जागा दाखवली. सदतीस भोकं पुन्हा मोकळी झाली. उरलेली तीन जमिनीपर्यंत टेकलेल्या मोठ्या जाहिरातीच्या फलकामागे आहेत. तो काढायला दुसऱ्या कचेरीची परवानगी लागते, आणि तिची फाइल अजून टेबलाटेबलांवर फिरते आहे. फलकासमोरचा बाक जमिनीत पक्का रोवलेला आहे, म्हणून मावशी तिथे बसणाऱ्यांना रोज उठवतात. लोक चिडतात. काल एक आजोबा तर हटूनच बसले.

मित्रांनो, मावशी उठा म्हणाल्या तर उठा. आणि जाताना तिकीट खिडकीवरची तक्रारवही मागून त्या तीन भोकांबद्दल दोन ओळी लिहा. ती वही फक्त प्रवाशांसाठी आहे, मावशींना तिच्यात लिहू देत नाहीत. आणि मला तर हातच नाहीत.