सात रेषांचा बाक

नकाशा कचेरीत बाबांनी तीस वर्षं टेकड्यांच्या उंचीच्या रेषा हाताने काढल्या. त्यात एकच गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. एका मातीच्या उतारावर त्यांनी सलग सात रेषांना बारीकसा बाक दिला, तेव्हा भर कचेरीत मोठे साहेब म्हणाले, “हात थरथरला वाटतं!” सगळे खो खो हसले. पाणी तिथली माती कापायला लागलंय, मी स्वतः चढून पाहिलंय, असं बाबा कानीकपाळी ओरडले. पण ऐकतो कोण?

आता त्याच कचेरीत त्यांची लेक होती. विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलेला नवा नकाशा आज तिने घरी आणला आणि बाबांचा जुना पारदर्शक कागद त्यावर पसरला. उतार मधोमध चिरला होता. दुमजली घर मावेल एवढी घळ बरोबर त्या सात बाकांमधून खाली उतरत होती.

लेकीने अभिमानाने फोन हातात घेतला. “साहेब अजून आहेत, बाबा. फोन लावू?”

बाबांनी म्हातारपणाने कापणारं बोट घळीवरून सावकाश फिरवलं.

“लाव. म्हणावं, हात आत्ता थरथरतोय.”