पद्माकररावांचे नाव

साथीमुळे भेटीला बंदी होती, म्हणून पद्माकर आयर्लंडमधल्या ब्युमॉन्ट रुग्णालयाबाहेर मुलाच्या, आशिषच्या गाडीत बसून होते. पक्षाघाताने त्यांच्या पत्नीचे, शोभनाबाईंचे हिंदी-इंग्रजी पुसून टाकले होते; मराठी तेवढी शाबूत होती. तरीही काल स्मृतीच्या चाचणीत त्या नापास ठरल्या. आज पुन्हा तसेच झाले, तर पुढचे उपचार सोडून त्यांची रवानगी थेट वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, कायमची होणार होती.

"दुभाषी कोणत्या भाषेचा दिला होता?" आशिषने स्पीकरफोनवर विचारले.

"हिंदीचा. भारताची राजभाषा तीच ना?" वॉर्डातली परिचारिका ग्रॉन्या म्हणाली. "नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्या नुसत्या खाली पाहत राहिल्या."

पद्माकरांनी कपाळावर हात मारून घेतला. लग्नापासून शोभनाबाईंनी त्यांचे नाव उखाण्याखेरीज कधी उच्चारलेच नव्हते. हे पद्माकरांनी ग्रॉन्याला इंग्रजीत कसेबसे समजावून सांगितले.

ग्रॉन्या म्हणाली, "माझ्या आजीला फक्त आयरिश यायची. या देशाची पहिली राजभाषा. इथल्या दारादारावर लिहिलेली आहे. पण तिला प्रश्न विचारले इंग्रजीत. तीही नापास." मग तिने फोन शोभनाबाईंच्या कानाशी धरला.

"अगं, नाव घे," पद्माकर म्हणाले.

"इश्श! इथं? आग्रह करायला बायका कुठं आहेत?"

डोके ठिकाणावर असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण घरच्या माणसाचे भाषांतर ग्राह्य नव्हते. "ग्रॉन्या, तुम्ही म्हणा. 'नाव घ्या!'"

"नाव... घ्या," ग्रॉन्या अडखळत म्हणाली. मग लाडिक आवाजात, "नाव घ्या!"

शोभनाबाई खुदकन हसल्या. जड जिभेने, पण ठसक्यात म्हणाल्या,

"परक्या देशी दवाखाना, बाहेर पडतो पाऊस,
पद्माकररावांच्या घरी जायची मला हौस."

"पद्माकर! मी ऐकलं!" ग्रॉन्या ओरडली. "डॉक्टर, याला कसलं भाषांतर लागतं?"

"बरं, हे उत्तर बरोबर धरू," डॉक्टरांचा आवाज आला. "बाकीचे प्रश्न राहिलेत. दुभाष्याला जोडा."

पलीकडून स्वच्छ, अदबशीर हिंदी ऐकू आले. "माताजी, अभी कौन-सा महीना चल रहा है?"

"काय म्हणतोय हा?" शोभनाबाई पुटपुटल्या.

"महिना विचारतायत गं!" पद्माकर जिवाच्या आकांताने ओरडले. "महिना सांग त्यांना, महिना!"

आशिषने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, फोन त्यांनी बंद केलाय."