ताटलीवरचा हात

सकाळी भावना घरी परतायची तेव्हा शीला शाळेला निघायच्या घाईत असायची. मायलेकींची गाठ पडायची ती पलंगापाशी. शीला चादर झटकून उशीचा अभ्रा बदलायची आणि भावना, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत असताना, भिंतीला टेकून उभी राहायची. दोघींत पलंग एकच होता. रात्री त्यावर आई झोपायची, दिवसा मुलगी. रावसाहेब इतके घोरायचे की शीला कित्येक वर्षं बाहेरच्या दिवाणावर झोपत आली होती. भावनाला नोएडात रात्रपाळीची नोकरी लागली, तिची खोली रात्रीची रिकामी झाली आणि शीलाची तेवढी एक सोय झाली.

"गरम आहे अजून," भावना गादीवर हात ठेवून म्हणायची. "आई, तू उठूच नकोस. मी तुझ्यावरच आडवी होते."

"चालेल. मग शाळेत तू जा. नववी 'ब'ला पानाची रचना शिकवायची आहे."

"नको यार. पलंगच बरा."

भावना एका कंपनीत अमेरिकेतल्या विमानप्रवाशांचे फोन घ्यायची. कुणाची बॅग भलत्याच गावी गेलेली असायची, कुणाची कुठेच गेलेली नसायची. तिकडे दिवस असायचा, लोक ताजेतवाने असायचे आणि ताज्या आवाजात रागवायचे. पहाट झाली की कॅब तिला मयूर विहारच्या सोसायटीच्या गेटपाशी सोडायची. त्या वर्षांत प्रत्येक जिन्यात असं एखादं तरी पोर होतं. सकाळी दूध आणायला निघालेली माणसं आणि झोपायला चाललेली मुलं जिन्यात एकमेकांना वाट करून द्यायची.

घरात तिची झोप सांभाळायचं काम रावसाहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. हातात फाईल नाही म्हटल्यावर त्यांनी मुलीच्या झोपेचीच फाईल उघडली. दारावरच्या घंटीची तार काढली. भावनाच्या खिडकीला आतून काळा चार्ट पेपर चिकटवला. टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज बंद करून बघायचे. कुकर ती यायच्या आत लागायचा, नाहीतर डाळ पातेल्यात शिजायची. भंडाऱ्याहून दिल्लीत आल्यापासून रोज सकाळी ते खड्या आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणत आले होते. शेजारचे भाटिया गमतीने म्हणायचे की आमचं घड्याळ तुमच्या वंदनेवर चालतं. आता वंदना नुसत्या ओठांनी व्हायची. दुपारची डुलकीही त्यांनी सोडली होती, कारण डुलकी लागली की घोरणं आलंच. जेवण झालं की ते लाकडी खुर्चीवर ताठ बसून राहायचे.

"भाईसाहब, आपके घर में कोई रहता भी है?" भाटियाबाई एकदा जिन्यात म्हणाल्या. "मैं तो समझी, गाँव चले गए."

"बिटिया सो रही है जी."

"दिन में?"

"उसकी तो रात है."

शीला जीवशास्त्राची शिक्षिका होती. नुसता उजेड अडवून शरीराला फसवता येत नाही, हे तिला माहीत होतं. शरीराचं घड्याळ आत असतं. तिने ते नवऱ्याला सांगूनही पाहिलं.

"अहो, काळा कागद लावला म्हणून दिवसाची रात्र होत नाही."

"होईल हळूहळू," रावसाहेब म्हणाले. "सरकारी फाईलसुद्धा सरकते कधीतरी. आणि दिवाळीपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

दिवाळीनंतर भावनाला ट्रेनिंग विभागात घेणार होते. तिथे पाळी दिवसाची होती. पण मध्येच एक अडचण झाली. एका पहाटे फोन चालू असताना तिचा डोळा लागला. पलीकडची बाई हॅलो, हॅलो म्हणत राहिली. कंपनीत सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. टीम लीडरने तिला बोलावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि सांगितलं की पुन्हा असं झालं तर ट्रेनिंग विसर, नोकरीही विसर.

"काय ऐकू आलं त्यात?" शीलाने विचारलं.

"श्वास," भावना म्हणाली. "माझा श्वास. घोरत नव्हते, एवढं नशीब. बाबांवर गेले असते तर तिकडे अमेरिकेत खिडक्या हलल्या असत्या."

रावसाहेब हसले नाहीत. त्या दिवसापासून ते घरात चपलाही घालेनासे झाले.

दिवाळीला दीड-दोन महिने असताना, दिवसाउजेडी, ते पडले. स्वयंपाकघराच्या झरोक्याला लावलेला काळा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. तिथून उन्हाची एक पट्टी भावनाच्या दारापर्यंत यायची आणि दाराखालच्या फटीतून आत शिरायची. कागद चिकटवायला ते स्टुलावर चढले. कित्येक दिवस त्यांचीही नीट झोप झाली नव्हती. वर बघताना त्यांना घेरी आली. शीला शाळेत होती. भावना पलीकडच्या खोलीत झोपली होती.

दुपार कलल्यावर भावना उठली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. रावसाहेब ओट्याखाली कुशीवर पडलेले होते. एक पाय विचित्र वळला होता. चेहरा घामाने भिजला होता. डोळे उघडे होते.

"उठलीस?" ते म्हणाले. "झाली का नीट झोप?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात नेलं, ऑपरेशन करून सळई बसवली. तिसऱ्या दिवशी त्यांचे जुने सहकारी श्यामकांत भेटायला आले. रावसाहेबांना जरा हुशारी वाटत होती. त्यांनी सगळी हकिकत पराक्रम सांगावा तशी सांगितली.

"माझ्यापाठोपाठ ओट्यावरची स्टीलची ताटली खाली आली. भिंगरीसारखी फिरायला लागली. ताटली खाली बसताना केवढी वाजते, माहीत आहे ना तुम्हाला? म्हटलं, आता ही उठणार. तसाच सरकत गेलो आणि हात ठेवला तिच्यावर."

"मोडक्या पायाने सरकलात?"

"हातभरच होती."

"धन्य आहे, राव!" श्यामकांत म्हणाले. "अहो, त्यापेक्षा हाक मारायची."

"हाक कशी मारणार? पोर नुकतीच झोपली होती."

शीलाने भावनाकडे पाहिलं. ती पलंगाच्या पायथ्याशी संत्रं सोलत होती. तिने सोललेलं संत्रं आणि सालं एकाच कागदावर ठेवली, म्हणाली, "बाबा, मी झोपले होते, मेले नव्हते," आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. शीला तिच्या मागे गेली नाही.

रावसाहेब वॉकर घेऊन घरी आले. काही दिवस शीला रजेवर होती. रजा संपली, ती पुन्हा सकाळी चार्टर्ड बस पकडायला लागली. दिवसा घरात पुन्हा दोघंच उरली, आणि घर पूर्वीसारखं शांत झालं. आता त्या शांततेत भावनाला झोप येईना.

ती पडून ऐकत राहायची. काही ऐकू आलं नाही की उठायची, बाबांच्या खोलीचं दार किलकिलं करून बघायची. ते ताठ बसलेले किंवा छताकडे बघत पडलेले असायचे. "झोप, झोप," ते हातानेच खुणावायचे. ती परत येऊन पडायची. थोड्या वेळाने पुन्हा उठायची. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा भावना पलंगावर बसलेली असायची. डोळे लाल, केस विंचरलेले.

एके सकाळी अभ्रा बदलताना शीलाला मुलीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहान लहान चंद्रकोरीसारख्या खुणा दिसल्या. काही जुन्या, काही ताज्या. नखांच्या होत्या.

"हे काय?"

"पाळीत जागं राहायला. चिमटे काढते. सगळेच काढतात." भावनाने बाही खाली ओढली. "आई, मला ताटली ऐकू येते."

"कुठली?"

"तीच. जी वाजलीच नाही ती. घर गप्प झालं की मला वाटतं, बाबांनी आता कशावर तरी हात ठेवलाय."

त्या दिवशी शीला बसमध्ये जागी राहिली. एरवी ती यमुनेचा पूल यायच्या आत झोपायची; सगळीच बस झोपायची. लाजाळूचं रोप अंधाऱ्या कपाटात ठेवलं तरी दिवस उगवला की त्याची पानं उघडतात, हे ती वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आली होती. या मुलीला कपाटात ठेवून त्यांनी वरून कपाटालाही गप्प बसवलं होतं. बस पुलावरून गेली. खाली नदी बरीच आटलेली होती.

संध्याकाळी तिने घंटीची तार पुन्हा जोडली.

"अहो, उद्यापासून आवाज करा," ती म्हणाली.

"कसला?"

"कसलाही. तुम्ही आहात हे तिला कळू दे. वंदना मोठ्याने म्हणा. पेपर वाचा."

"वाचतोच की."

"मोठ्याने."

रावसाहेबांना ते पटलं नाही, पण वरून आलेला आदेश पाळायची त्यांना सवय होती. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर मोठ्याने वाचू लागले. अग्रलेख संपला की बाजारभाव, ते संपले की टेंडरच्या जाहिराती, मग लग्नाच्या. भावना थोडी झोपू लागली. पण त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. घसा सुकायचा, ते पाणी प्यायला थांबायचे आणि तेवढ्यात ती जागी व्हायची. मग डुलकी येऊ नये म्हणून तेही स्वतःला चिमटे काढू लागले. घरात आधी एक जण जागून झिजत होतं, आता दोघं. शीलाने तिसऱ्याची मोजदाद केली नाही. शाळेतून आल्यावर फळ्यावरचा खडू अजून बोटांना असतानाच ती कणीक मळायची आणि कधी कधी मळता मळता उभ्यानेच तिचे डोळे मिटायचे.

दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना एका दुपारी शाळेतलं पाणी गेलं आणि मुलांना लवकर सोडून दिलं. शीला ऊन असतानाच घरी आली. जिन्यात भाटियाबाई दोन्ही घरांसाठी आणलेली मेथी निवडत बसल्या होत्या.

"भाभीजी, आजकल तो भाईसाहब पूरी बिल्डिंग को अख़बार सुनाते हैं. आज रिश्ते बहुत अच्छे थे." मग त्यांनी आवाज बारीक केला. "अभी चुप हो गए हैं."

शीला उरलेल्या पायऱ्या भराभर चढली. घंटी न वाजवता किल्लीने दार उघडलं. आणि दार उघडताच तिला ऐकू आलं.

रावसाहेब घोरत होते. मोडलेल्या पायामुळे त्यांना उताणंच झोपावं लागायचं, त्यामुळे घोरणं पूर्वीपेक्षाही मोठं झालं होतं. प्रत्येक श्वास खोल विहिरीतून रहाटाने वर ओढल्यासारखा यायचा, वर येऊन क्षणभर अडायचा आणि सुटायचा. पेपर छातीवर पसरला होता. त्यांच्या पलंगाशेजारी, जमिनीवर, भावनाची सतरंजी होती. सारखं उठून बघायला जायचं ते तरी वाचेल म्हणून ती इथेच येऊन आडवी झाली असावी. या खोलीच्या खिडकीला कागद नव्हता. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. तोंड उघडं होतं. हनुवटीवर लाळेचा थेंब होता. एक हात वर, वॉकरच्या नळीला धरून.

शीला खांद्यावरच्या पिशवीसकट दारात उभी राहिली. या आवाजापासून दूर झोपण्यात तिची संसाराची निम्मी वर्षं गेली होती.

रावसाहेबांचा श्वास एकदम अडला. त्यांनी मान फिरवली, ओठ चाटले आणि घोरणं थांबलं. खोलीत काहीच वाजेना. भावनाच्या पापण्या हलल्या. वॉकरवरची बोटं घट्ट झाली.

शीला घाईने खाली बसली.

"चिंचेचं पान संयुक्त असतं," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता, जरा खालचा. दुसरं काही तिच्या तोंडी आलंच नाही. "एका देठावर दोन्ही बाजूंना पानं, समोरासमोर. आपण ज्याला पान म्हणतो ती पर्णिका. दिवस मावळला की समोरासमोरच्या पर्णिका मिटतात. देठाशी एक लहानशी गाठ असते, तिच्यातलं पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, म्हणून मिटतात. पान सुकलेलं नसतं. आजारीही नसतं..."

"आई?" भावनाने डोळे न उघडता विचारलं.

"हो, मीच. बाबा झोपलेत. ठीक आहेत."

"मग बोल ना."

"सकाळी परत उघडतात," शीला म्हणाली. "उजेड नसला तरी उघडतात..."

ती बोलत राहिली. चिंचेनंतर शिरीष घेतला, मग तरोटा. भावनाची बोटं सैल झाली आणि हात वॉकरवरून घसरून सतरंजीवर पडला. वर पलंगावर रहाट एकदा करकरला, पुन्हा करकरला आणि नियमित फिरायला लागला. शीलाचं वाक्य अर्ध्यावर होतं. ते तिने तिथेच सोडलं.

कॅब यायला पुष्कळ अवकाश होता. डाळ शिजायची होती, मेथी भाटियाबाईंकडून घ्यायची होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पलीकडच्या खोलीत गेली आणि दोन्ही दारं उघडी ठेवून पलंगावर आडवी झाली. घोरणं इथवर स्पष्ट ऐकू येत होतं. चादर सकाळी तिने घातली होती तशीच, सुरकुती न पडलेली. बऱ्याच दिवसांनी गादी गार लागली.