मधला मोकळा वेळ

पेनाचं टोपण टेबलावर उताणं पडलं होतं आणि त्याच्यावर दातांचे व्रण होते – डावीकडचा सुळा किंचित आत वळलेला… हजार टोपणांतूनही हा चावा तिने ओळखला असता. दिवसभर तिचं कामच ते. दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे साचे पुढ्यात घ्यायचे, मेणात एकेक दात रोवायचा, कवळी घासूनपुसून गुळगुळीत करायची. नवरा विचारात पडला की टोपण चावायचा. पंचवीस-एक वर्षं चावत आला होता. आणि आत्ता तो विचार करत होता तो रविवारचा.

“पहिली वाइनरी सकाळीच उरकू,” तो नकाशावर वाकून म्हणाला. “उन्हं चढायच्या आत द्राक्षांच्या मळ्यातून फिरणं होईल. मग जेवण. मग दुसरीकडे तळघर, पिंपं वगैरे. घाई कुठेच नको. आरामात.”

बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्यात त्याचा जन्म गेला होता. एक गाडी सुटली की दुसरी कधी लागावी, मधे किती उसंत ठेवावी, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे मळा आणि जेवण यांच्यामध्ये त्याने सोडलेली ती रिकामी जागा तिने लगेच हेरली.

“इथे सांगायचं?” तिने विचारलं.

“नको. उपाशीपोटी नको. तिला आधी नीट जेवू दे.”

तिला म्हणजे लेकीला. बुटकीला. उंचीने दोघांच्याही वर केव्हाच गेली होती, तरी बुटकीच. नोकरीसाठी दूर राहायची; चार दिवसांची सुट्टी काढून येणार होती आणि फोनवर तिने हट्टच धरला होता, की आपण तिघं कुठेतरी जाऊ या, निवांत, खाऊ-पिऊ, गप्पा मारू. आणि आईबाप वेगळे व्हायचं ठरवून बसलेत, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

ठरलं तेही कसं… भांडण नाही, आदळआपट नाही, तिसरं माणूस तर नाहीच नाही. तो भांडी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, आता आपण कशासाठी थांबलोय गं? आणि तिला काही सुचेना. सुचेना म्हणून ती म्हणाली, खरंय. त्या एका शब्दावर सगळं ठरून गेलं. तो शब्द तिने नंतर कितीदा तोंडात घोळवला! जरा थांबली असती, नुसती ‘का?’ म्हणाली असती – पण नाही. तिच्याकडेही उत्तर नव्हतं, हेच तर…

दुसऱ्या दिवशी कामावर ती साच्यावर वाकली असतानाच फोन वाजला. वाइनरीतली बाई होती, आवाज टवटवीत.

“जेवणाचं टेबल मळ्याच्या बाजूला चालेल ना? काही खास निमित्त? वाढदिवस वगैरे?”

“नाही… आम्ही तिघं बऱ्याच दिवसांनी एकत्र जेवणार आहोत, इतकंच.”

“अय्या, मग हेच निमित्त की! टेबलावर फुलं ठेवते मी.”

नको म्हणायला हवं होतं. फुलांना नको कसं म्हणायचं, ते तिला सुचलं नाही. फोन ठेवला तेव्हा हातातलं मेण गार होऊन कडक झालं होतं; तिने ते पुन्हा ज्योतीवर धरलं आणि जास्तच धरलं, थेंब थेंब गळून गेलं. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “काय हो, लक्ष कुठाय?” ती म्हणाली, “सहलीला चाललोय रविवारी.” “मजा आहे बुवा!” तो म्हणाला. मजा आहे… ते शब्द दुपारभर तिच्याभोवती माशीसारखे घोंगावत राहिले.

दुपारी लेकीचा फोन.

“आई, सगळं कोण ठरवतंय? बाबा?”

“दोघं मिळून.”

“दोघं? आणि भांडला नाहीत?”

“नाही.”

 पलीकडून एकदम हलका झालेला आवाज – “बरं वाटलं गं. मला उगीचच… मागच्या वेळी घरात कसं गप्प गप्प होतं सगळं. जाऊ दे. मी निळा ड्रेस आणतेय.”

ती “आण” म्हणाली. पोरीने काय काय मनात बाळगलं असेल, कुणाला न सांगता. आणि आज ते तिने खाली ठेवलं, आपणच ठेवायला लावलं – पुन्हा उचलायला लावण्यासाठी.

संध्याकाळी ती घरी आली तर तो खुशीत होता. खुशीत म्हणजे, ठरवाठरवीचं एक समाधान असतं ना, तसा.

“सुपात मशरूम घालू नका म्हणून कळवलंय. तुझ्यासाठी वेगळं करतील.”

तिला भडभडून आलं. या माणसाला सगळं आठवतं. वाईट असता तर किती सोपं होतं.

“त्या दिवशी सांगितलंच नाही तर?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“नुसतं जाऊ. जेवू. परत येऊ.”

त्याने खरोखर विचार केला. तिला दिसत होतं – तो रविवार मनात चालवून बघत होता, मळा, टेबल, ग्लास, तिघं. दार उघडतंय की काय असं तिला वाटलं. मग तो हळूच, जरासा ओशाळून म्हणाला, “नुसतं कसं जमेल गं आपल्याला?”

त्यात टोचून बोलणं नव्हतं. तो खरंच विचारत होता.

तिने नकाशा आपल्याकडे वळवून घेतला. मग तीच म्हणाली, “परत येताना काय करायचं?”

“परत येताना?”

“गाडीत. तिला सगळं कळलेलं असेल. तिघं एकाच गाडीत असू.”

हे त्याने धरलंच नव्हतं. इतकं चोख आखून परतीचा रस्ता त्याच्या डोक्यातूनच निसटला होता. तो नकाशाकडे बघत राहिला. “मी मागे बसेन तिच्याजवळ,” शेवटी म्हणाला. “गाडी तू चालव. चालेल?”

“चालेल.”

म्हणजे तिने ग्लासाला ओठही लावायचा नाही. दोघं मागे, आणि ती पुढे, समोर रस्ता, तोंड कुणालाच दिसणार नाही… तिने तो रस्ता मनात धरला, वळणं घेतली, गाव जवळ आलं, घर आलं, इंजिन बंद केलं. पुढे काही येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला, कुलूप, जिना, दिवा – नाही. आणि तेव्हा तिला कळलं, की भीत भीत, जीव मुठीत धरून का होईना, इतके दिवस ती त्या रविवारची वाटच बघत होती. तो रविवार पुढे होता म्हणून हे सगळे दिवस चालले होते. समोर बसलेल्या माणसाला तिने विचारलं, “चहा ठेवू?” आणि उत्तराची वाट न बघता तशीच बसून राहिली, जणू बसणं हेसुद्धा आता नव्याने शिकावं लागणार होतं.