रुंद कबरीतला सरदार

त्याला सगळे भिंगरी म्हणत, बायकोसुद्धा. पुरातत्त्व खात्यात असा माणूस टिकला कसा, हे कोडंच होतं. एकदा फोटोसाठी क्षणभर स्थिर उभा राहिला, तर शिपाई घाबरून पाणी घेऊन धावला, असं खात्यात अजून सांगतात.

खडकात कोरलेल्या प्राचीन कबरी मोजायची त्याची तऱ्हाही न्यारीच. टेप लावण्याआधी स्वतः आत आडवा व्हायचा. कोण बुटकं, कोणाचे खांदे रुंद, हे म्हणे पाठीला कळतं. टेकाडावरची एकच कबर ऐसपैस होती. ती सरदाराची, असं त्यानं पाहुण्यांना इतक्यांदा रंगवून सांगितलं होतं, की एव्हाना त्या सरदाराला मिशाही फुटल्या होत्या.

आज मात्र त्याला त्या कबरीतही चैन पडेना. बायको काठावर बसून नकाशा काढत होती. दूरच्या एका संग्रहालयानं तिला नोकरी देऊ केली होती, आणि येणार की नाही हे कचेरी बंद व्हायच्या आत फोनवर कळवायचं होतं. तिचं ठरत नव्हतं. ‘जाऊ नकोस’ हे शब्द सकाळपासून त्याच्या ओठांशी येऊन परत जात होते.

“किती वळवळशील? सरदार उठून बसेल.”

“कोपराला टोचतंय गं. मध्ये उंचवटा आहे.”

आजवर त्याला तो खडकाचा दोष वाटला होता. आता त्यानं हात फिरवला. उंचवट्याचा माथा बाहेरच्या काठासारखाच पावसापाण्यानं गुळगुळीत झालेला. इकडे छिन्नीचे घाव बारीक, तिकडे रुंद.

“सरदार गेला,” तो पुटपुटला.

“कुठे?”

“नव्हताच. एकाची कबर आधी कोरली. ही तिची बाहेरची कड. ती झिजल्यावर, कितीतरी वर्षांनी, शेजारी दुसऱ्याला जागा केली.”

“बघू, सरक जरा.”

ती पलीकडे आडवी झाली आणि थकलेली होती म्हणून चक्क झोपली. ऊन उतरत चाललं. तो एकदा तिच्याकडे बघे, एकदा तिच्या पिशवीतल्या फोनकडे. नुसतं गप्प पडून राहिलं की काम फत्ते. पण पाठीखालचा खडक त्याला गप्प पडू देईना. पहिल्यानं दुसऱ्याला आपल्याबरोबर ओढून नेलं नव्हतं. मागे राहिलेलं माणूस आपलं आयुष्य जगून मगच इथे आलं होतं.

त्यानं तिचा खांदा हलवला. “ऊठ. फोन करायचाय ना?”

ती टेकाडाच्या टोकाला जाऊन बोलून आली. तोवर यानं कबरीभोवती गवत तुडवून वाट पाडली.

“येते म्हटलं,” ती म्हणाली.

“बरं केलंस.”

“तोंड बघ स्वतःचं.”

“इथलं उरकून मी मागाहून आलो तर?”

“ये की. पण ह्या बाईइतका उशीर लावू नकोस.”

“मागाहून आली ती बाईच कशावरून?” तो म्हणाला, आणि पुन्हा आत उतरला.