चार बोटं कापड

"हात वर कर. असा नाही, पाखरासारखा."

"पाखरं मास्क घालत नाहीत, आजोबा."

"घालायला पाहिजे. उगाच सगळ्यांच्या दाण्यात चोच घालत फिरतात."

मास्तरांनी टेप नातीच्या छातीभोवती नेली. तिच्या उजव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, औषध सोडायचं बटणाएवढं यंत्र बसवलेलं होतं. तिथे टेप काचू नये म्हणून त्यांनी खाली आपलं बोट धरलं. माप बघितलं, टेप सैल केली आणि पुन्हा घेतली. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं.

"किती?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"म्हणजे कापड भरपूर लागणार. गप उभी राहा, बॉबीन."

बॉबीन हे नाव त्यांनीच पाडलेलं. चालायला लागली तेव्हापासून ती मशीनखाली, टेबलाखाली, गिऱ्हाइकांच्या पायांतून अशी गरगर फिरायची की दुसरं काही नाव शोभलंच नसतं. आता ती बसवली तिथे बसायची. नाव मात्र तेच राहिलं.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये पडदा. शाळा उघडायला आल्या होत्या आणि दुकान निळ्या कापडाने भरून गेलं होतं. मास्तर शाळेचे गणवेशच शिवायचे. मोठ्यांचे कपडे त्यांना आवडत नसत. मोठी माणसं आरशासमोर उभी राहून आपल्या पोटाचा दोष शिंप्याला देतात. पोरं तशी नसतात. पोरांच्या कपड्याचा मात्र एक नियम होता. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते शिकले त्याने तो पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि मास्तरांनी तो कधी मोडला नव्हता. पोराला बेताचा कपडा शिवायचा नाही. खाली चार बोटं कापड जास्त ठेवायचं आणि आत दुमडायचं, शिवणीतही माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची. वर्षभराने आई येते, दुमड उसवून घेते, झगा लांब होतो. जिथे दुमड होती तिथे एक गडद रेघ राहते. बॉबीनच्या जुन्या झग्याला अशा दोन रेघा होत्या आणि ती त्या मैत्रिणींना दाखवायची, शिपायाने फीत दाखवावी तशा.

"मला नवा पाहिजे हं," ती म्हणाली. "लांब केलेला नको. पहिल्या दिवशी नव्यातच जाणार. नाहीतर माझ्या खिडकीजवळच्या जागेवर ती लांब वेणीवाली बसेल. टपूनच आहे ती."

"बसू दे की. उठवू तिला."

"तू येणार उठवायला?"

"कात्री घेऊन येतो."

ती हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. तोंड आतून सोलवटलं होतं, हसलं की दुखायचं.

पडद्यापलीकडून तिची आई शिंकली. तिला तीन-चार दिवस सर्दी होती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, औषध चालू असताना पोरीजवळ शिंकणारं माणूस नको, मग ती आई का असेना. म्हणून ती दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये निजायची आणि पोरीशी पडद्याआडून बोलायची.

"आई, शिंक आली की देवाला नावं ठेवू नकोस," बॉबीन ओरडली, "मला ऐकू येतं सगळं."

"तुझे कान तेवढे शाबूत आहेत," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मास्तर आणि त्यांचा मुलगा असे दोघंच पोरीला घेऊन गेले. मुलगा नळजोडणीचं काम करायचा. त्यामुळे छातीतल्या त्या यंत्राला बॉबीन 'नळ' म्हणायची.

"बाबा, सिस्टरनी नळ बसवला तो गळत नाही. तू बसवतोस ते गळतात."

"माझ्या नळांवर पाण्याचा जोर केवढा असतो, माहितेय का?" मुलगा म्हणाला. "त्यांना काय, थेंब थेंब सोडायचं."

सिस्टरने खांद्यावरची दोन बटणं काढून झग्याची पाळ खाली घेतली आणि सुई लावली. असा झगा मास्तरांनीच शिवला होता, सगळा काढावा लागू नये म्हणून. शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या होत्या, आत टोचू नयेत म्हणून. सिस्टर म्हणाली, "मास्तर, मलाही एक शिवा असा. बाहेरून उलटा दिसणारा." मास्तर म्हणाले, "तुम्ही सुलट्याच बऱ्या आहात." सगळे हसले. त्या खोलीत माणसं हसण्यासाठी अगदी लहानसं निमित्त शोधत असत.

बाटलीतलं लाल औषध नळीतून खाली येऊ लागलं. मुलगा पोरीच्या उशाशी बसला. मग दारात डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी दोघांनाही बाहेर बोलावलं.

बाईंची खोली लहान होती. खुर्च्या दोन होत्या पण कोणी बसलं नाही. मागच्या आठवड्यात पाठीच्या हाडातून जे काढून तपासायला पाठवलं होतं त्याचा अहवाल आला होता.

"आजार परत आलाय," बाई म्हणाल्या. "इतकी औषधं चालू असताना आला, हे बरं लक्षण नाही. आजपासून नाही, पण पुढच्या वेळेपासून औषध बदलू."

"म्हणजे त्याने बरं होईल ना?" मुलाने विचारलं.

"बघू."

मास्तरांनी मान खाली घातली. हा शब्द त्यांच्याही धंद्यात होता. गिऱ्हाईक कापड आणतं, शिंप्याला हातात घेताच कळतं की हे पुरणार नाही. पण गिऱ्हाईक हौसेने आलेलं असतं. मग शिंपी म्हणतो, बघू.

जिन्यात मुलाने कठडा धरला.

"बाबा, हिला आज सांगू नका. सर्दी तरी उतरू दे तिची. पोरीजवळ बसायला मिळालं म्हणजे सांगू."

"नाही सांगत."

"तुमच्या तोंडावर दिसतं."

"माझं तोंड कोण बघतं? मी मशीनवर वाकलेला असतो."

घरी आल्यावर सुनेने पडद्याआडून विचारलं, "काय म्हणाल्या?" मुलगा म्हणाला, "औषध बदलणार आहेत. आणखी चांगलं." सून म्हणाली, "असं होय?" आणि तिने पुन्हा विचारलं नाही. बॉबीन उलटी करून, थकून झोपली. मुलगा कुणाच्या तरी घरी टाकी गळते म्हणून निघून गेला. टाकी खरंच गळत होती की नाही, कोण जाणे.

मास्तरांनी निळं कापड टेबलावर पसरलं. दोन्ही हातांनी सुरकुत्या काढल्या, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली. ही कात्री त्यांच्या हातात चाळीसेक वर्षं होती. ते तिच्याकडे बघतही नसत. कापताना ते शाळेचा, पहिल्या दिवसाचा, लांब वेणीवालीचा विचार करत होते. घेराच्या कळ्या जोडल्या, बाह्या लावल्या, खांद्यावर बटणांची पाळ केली. संध्याकाळी झगा सुनेच्या बाजूला ठेवला. काज, बटणं आणि खालची दुमड ही तिची कामं. तिची तुरपाई अशी की उलटून बघितल्याशिवाय टाका दिसायचा नाही.

तिने झगा मांडीवर घेतला. खालची कड बोटांनी दुमडली. सोडली. पुन्हा दुमडली. कपड्याचं दुसरं टोक धरून सगळा घेर फिरवला.

"बाबा."

"हं."

"दुमडायला कापड नाही."

"असेल. बघ नीट."

"पेराएवढं आहे. मोठ्या बायकांच्या झग्याला असतं तेवढं." तिचा आवाज सर्दीने बसला होता. "शिवणीतही काही नाही. अगदी अंगाबरोबर शिवलाय."

मास्तरांनी पाय मशीनवरून काढला. "कापड कमी पडलं असेल."

"तुम्हाला?"

टेबलाखाली त्याच निळ्या कापडाचे तुकडे पडले होते. हातहातभर लांबीचे. दोघांनीही ते बघितले.

"भिंतीवर त्या एवढ्या पोरांचे झगे आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांना चार बोटं ठेवलीत. त्या पलीकडच्या गल्लीतल्या पोरीलासुद्धा, जिची आई तुम्ही कापलेली बाही कधी पसंत करत नाही. तिलासुद्धा."

"माझ्या लक्षात नाही आलं गं."

"काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

मास्तर टेप गुंडाळायला लागले.

"मनातनं सोडलंत तुम्ही तिला."

"नाही गं पोरी. देवाशप्पथ नाही. मी शाळेचाच विचार करत होतो. हाताने कापलं."

"हात कुणाचा?"

तिने मास्क नीट केला. बराच वेळ ती त्या कडेकडे बघत होती. रडेल असं मास्तरांना वाटलं, पण ती रडली नाही. तिने खाली वाकून टेबलाखालचे तुकडे गोळा केले, एकेक मांडीवर पसरून बघितला आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"पट्टी जोडा," ती म्हणाली. "चार नाही, आठ बोटं."

"एवढी दुमड जड होईल. झोळ येईल."

"येऊ दे."

मास्तरांनी पट्टी जोडली. शिंपी म्हणून त्यांना ते काम पटलं नाही, आणि आयुष्यात त्यांनी इतकं जपून दुसरं काही शिवलं नाही. सुनेने रात्री निजण्याआधी दुमड घातली.

शाळा उघडली त्या दिवशी बॉबीनला जाता आलं नाही. रक्तातल्या पेशी खाली होत्या. घरात पेशींबद्दल सगळे असे बोलायचे, जसं विहिरीच्या पाण्याबद्दल बोलावं: आज खाली गेल्या, आज जरा वर आल्या. पण झगा घालायचाच असा तिचा हट्ट होता. आईची सर्दी गेली होती. तिने पोरीला झगा घातला, डोक्याला फडकं बांधलं. अंगाबरोबर बेतलेला तो झगा तेवढ्या दिवसांत खांद्यांवरून उतरायला लागला होता. मास्तरांनी मागून, तिला कळू न देता, दोन टाचण्या लावल्या.

दुकानाच्या काचेआड स्टुलावर बसून ती रस्त्यावरून जाणारी पोरं बघत होती.

"तो झगा तुझा. तो पण. ती बाही तुझी नाही, दुसरीकडची आहे. बघ ना कशी फुगलीय, बेडकासारखी."

"शाबास. आता तुला दुकानात ठेवून घेतो."

"लांब वेणीवाली गेली बघ." ती काचेला नाक लावून बघत राहिली. "पळतेय. खिडकीसाठी."

मग तिने झग्याची खालची कड उलटली आणि आतली रुंद दुमड दोन्ही हातांनी चाचपली.

"आजोबा, हे केवढं ठेवलंयस!"

"तुझ्या आईने सांगितलं."

"हे किती वर्षं पुरेल?"

मास्तरांनी सुनेकडे बघितलं. सून काजाचा दोरा दाताने तोडत होती.

"दोन-तीन वर्षं पुरेल," ती म्हणाली.

"म्हणजे सातवीपर्यंत हाच घालू? काय कंजूस माणसं आहात!" बॉबीन म्हणाली, आणि तोंडावर हात न धरता हसली.

संध्याकाळी तिला ताप भरला. मुलाने उचलून नेलं, झगा अंगावर तसाच होता. दवाखान्यात सिस्टरने खांद्यावरची बटणं काढली, पण या वेळी ती झग्याबद्दल काही बोलली नाही. बदललेलं औषध द्यायची वेळ आलीच नाही. ती गेली तेव्हा तिची आई जवळ होती. तिला पोरीजवळ बसायला मिळालं होतं, एवढं मात्र खरं.

दुकान काही दिवस बंद राहिलं. मग उघडलं, कारण लोक दार वाजवत. एक बाई आपल्या पोराला घेऊन आली. "मास्तर, जरा वाढतं ठेवा हं," ती म्हणाली, "वाढ फार आहे मेल्याची." आणि मग तिला आठवलं, आणि तिने पोराचं मनगट घट्ट धरलं. मास्तर म्हणाले, "ठेवतो." टेप घेतली. "हात वर कर, बाळा," म्हणाले. पुढचं वाक्य बोलले नाहीत.

गिऱ्हाईक गेल्यावर सून आतून आली. तिच्या हातात तो झगा होता, धुऊन आणलेला. ती आपल्या जागेवर बसली आणि तिने ब्लेड घेतलं. स्वतःच घातलेली ती बारीक तुरपाई तिने एकेक टाका करून उसवली. सगळा घेर उसवायला बराच वेळ लागला. मग इस्त्री गरम केली, दुमडीची घडी पाणी शिंपडून दाबली आणि झगा झटकून उभा धरला.

मास्तरांच्या मशीनशेजारी भिंतीत एक खिळा होता. बॉबीनचा हात पोचावा एवढ्याच उंचीवर त्यांनी तो कधीतरी मारला होता. तिचे झगे तिथेच असायचे. ते ती स्वतः काढायची. सुनेने झगा त्या खिळ्याला लावला. पण तो आता लांब झाला होता. खालची पट्टी जमिनीवरच्या चिंध्यांच्या पेटीला टेकून चुरगळत होती.

सून ते बघत उभी राहिली. मग वळून मागच्या खोलीत गेली.

मास्तर उठले. त्यांनी झगा काढून खांद्यावर टाकला, मुलाच्या पिशवीतून हातोडी आणली आणि खिळा उपसला. भिंतीवर चार-चार बोटं दोनदा मोजून, तो तेवढा वर ठोकला. झगा पुन्हा लावला. आता तो कशालाही न टेकता सरळ खाली आला होता.

ते मशीनवर बसले आणि त्या पोराच्या सदऱ्याचं कापड पुढ्यात ओढलं.